दारात अडविले असता बौद्धाने काय करावे?



आपण दीक्षा घेतली. घरातले जुने देव विसर्जित केले. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावली. मुलांना त्रिशरण-पंचशील पाठ झाले. आपल्या मनातली जात आपण टाकून दिली. परंतु समोरच्या माणसाने त्याच्या मनातली जात टाकली आहे असे नाही. याचा प्रत्यय बहुधा दारात येतो. आपल्या आजोबांना तो देवळाच्या दारात आणि पाणवठ्यावर येत असे. आपल्याला तो हॉटेलच्या, सभागृहाच्या, नाहीतर मोठ्या इमारतीच्या फाटकाशी येतो.

अपमान कधीही झाला तरी लागतोच. पण सणाच्या रात्री, नवे कपडे घालून बायकामुलांसह बाहेर पडले असता झालेला अपमान अधिक खोल जातो, कारण तो मुलांच्या डोळ्यांदेखत होतो. अशा वेळी आपण जे वागतो तेच मूल शिकते. आजचा पाठ या प्रसंगाविषयी आहे. मला सारे येते म्हणून मी तो देत नाही. मी स्वतः चुकलो, आणि ती चूक तुमच्या हातून होऊ नये एवढ्यासाठीच लिहीत आहे.

घडले ते असे

३१ डिसेंबरची रात्र होती. मुलीला शाळेत वक्तृत्वाचे पहिले बक्षीस मिळाले होते आणि तिला चांगल्या हॉटेलात जेवायला नेण्याचे मी कबूल केले होते. आमच्या घरात कोणी मद्य घेत नाही, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. फोन करून चार माणसांची जागा राखून ठेवली होती. मी, माझी पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि माझी वृद्ध आई असे आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी पहाटे भीमा कोरेगावला मानवंदनेसाठी जायचे होते. म्हणून आईने पांढरे लुगडे आदल्या रात्रीच नेसले होते आणि बाबासाहेबांचा बिल्लाही लावला होता.

दारात दोरी बांधलेली होती. हातात यादी घेऊन एक तरुण दरवान उभा होता. त्याने आईकडे पाहिले, बिल्ल्याकडे पाहिले आणि मला विचारले, "पूर्ण नाव काय?" फोनवर मी फक्त पहिले नाव सांगितले होते. आता आडनाव सांगायची वेळ आली आणि माझी जीभ फिरली. मी आमच्या गावाच्या नावाला 'कर' जोडून तेच आडनाव म्हणून सांगून टाकले. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "नाव यादीत नाही. जागा भरली." इतक्यात आमच्यामागून पाच जणांचे एक कुटुंब आले. त्यांना नाव न विचारताच दोरी बाजूला झाली. मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "ते ओळखीचे आहेत. तुम्ही गर्दी करू नका, बाजूला व्हा."

मग माझा तोल सुटला. त्याच्या पगारावरून, त्याच्या गावावरून मी त्याला नको नको ते बोललो. विशीतला पोरगा तो, अंगातला कोटही त्याच्या मापाचा नव्हता. शेवटी आईने माझी बाही ओढली आणि आम्ही परत फिरलो. वाटेत एका गाडीवर पावभाजी खाल्ली. कोणी कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विजयस्तंभाच्या रांगेत उभे होतो. १ जानेवारी १९२७ रोजी याच ठिकाणी बाबासाहेब आले होते, हे मी मुलीला सांगत होतो. तिने मध्येच विचारले, "बाबा, काल तुम्ही आपलं आडनाव का नाही सांगितलं? आपलं आडनाव वाईट आहे का?"

बंधूंनो, दरवानाने केलेल्या अपमानापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. त्याने आम्हाला फक्त हॉटेलबाहेर ठेवले होते. आपल्या नावात काही खोट आहे, हे माझ्या मुलीला मीच शिकवले होते. त्या रात्री माझ्या हातून तीन चुका झाल्या. त्या एकेक करून पाहू.

पहिली चूक : नाव लपविले

नाव बदलून सांगितले म्हणजे दार उघडेल, असे मनाला वाटते. बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग पाहा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ते स्वतः लिहून ठेवले आहेत.

पहिला प्रसंग १९०१ सालचा, त्यांच्या वयाच्या नवव्या वर्षीचा. साताऱ्याहून भावंडांबरोबर ते वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. ही मुले अस्पृश्य आहेत हे कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या कबुलीवर कशीबशी बैलगाडी मिळाली. रात्री ते एका टोलनाक्यावर पोहोचले. डब्यात अन्न होते, पण प्यायला पाणी नव्हते. गाडीवानाने सल्ला दिला होता की नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असे सांगा. त्या लहान मुलाने उर्दूत बोलून पाणी मागितले. तरीही पाणी मिळाले नाही आणि सारी मुले उपाशी झोपली.

दुसरा प्रसंग १९१७ सालचा. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात, तिथल्या रखवालदाराच्या संमतीने, नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी दहाबारा माणसे काठ्या घेऊन आली आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हे प्रसंग कोणा एका धर्माच्या लोकांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. बाबासाहेबांना दोष देण्याचा तर प्रश्नच नाही. पहिल्या वेळी ते लेकरू होते आणि दुसऱ्या वेळी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. सांगायचे ते एवढेच की दुसऱ्याचे नाव घेऊनही दार उघडले नाही, आणि उघडले ते अकरा दिवसांपुरतेच. पुढे बाबासाहेबांनी परक्या नावाचा आसरा कायमचा सोडला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या लाखो माणसांना उजळ माथ्याने सांगता येईल अशी ओळख दिली. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत 'मी खोटे बोलणार नाही' अशीही एक प्रतिज्ञा आहे. दारात खोटे आडनाव सांगताना मी तीच मोडली.

यात व्यवहाराचा तोटाही झाला. पुढे तक्रार करावी असे मनात आले तेव्हा वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही नाव काय सांगितलंत?" ज्याने आपले नाव लपविले त्याला 'नावावरून अडविले' असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

दुसरी चूक : दरवानाला शिव्या दिल्या

सुत्तनिपातात वसलसुत्त आहे. वसल म्हणजे हीन, नीच. तथागत श्रावस्तीत भिक्षाटन करीत अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या घराजवळ आले. घरात अग्नी पेटला होता, होमाची तयारी चालली होती. त्याने तथागतांना लांबूनच पाहिले आणि मुंडक्या, वसल असे म्हणत तिथेच थांबायला बजावले. म्हणजे आपले शास्ताही दारात अडविले गेले होते, आणि तेही धर्मकार्याच्या दिवशी.

तथागतांनी काय केले? ते मान खाली घालून निघून गेले नाहीत आणि त्यांनी उलट शिवीही दिली नाही. त्यांनी प्रश्न विचारला : वसल कोणाला म्हणतात आणि माणूस कशाने वसल होतो, हे तुला ठाऊक आहे काय? ब्राह्मणाला उत्तर देता आले नाही. त्याने तथागतांनाच ते सांगण्याची विनंती केली. मग तथागतांनी समजावले की माणूस जन्माने हीन होत नाही, कर्माने होतो. शेवटी तो ब्राह्मण उपासक झाला.

प्रत्येक दरवान उपासक होईल असे कोणी समजू नये. परंतु रीत लक्षात घ्यावी. तथागत जागेवर उभे राहिले, शांत राहिले आणि त्यांनी उत्तराची जबाबदारी अडविणाऱ्यावर टाकली. मी ओरडलो, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष माझ्या ओरडण्याकडे गेले आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

तो दरवान कोण, याचाही विचार करा. बहुतेक ठिकाणी तो एखाद्या एजन्सीचा कंत्राटी नोकर असतो. बारा तास उभा राहतो. कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही, हे त्याला आतून सांगितलेले असते. तो आपल्याच वस्तीतला मुलगाही असू शकतो. त्याला पगारावरून हिणवणारा माणूस दुसऱ्याच्या जन्मावरून हिणवणाऱ्यापेक्षा वेगळा कसा? अन्यायाचा जाब मालकाला आणि व्यवस्थापकाला विचारावा. दरवानाशी माणसासारखे बोलावे. तो अंगाला हात लावू लागला, तर तो पोलीस नाही आणि त्याला तसा अधिकार नाही, हे शांतपणे पण ठामपणे सांगावे.

आधी तपासावे, मग बोलावे

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दारात झालेला प्रत्येक नकार जातीचाच असतो असे नाही. कालामसुत्तात तथागतांनी केवळ ऐकीव गोष्टीवर किंवा तर्कावर विसंबून मत बनवू नये असे सांगितले आहे. तो उपदेश आपल्या रागालाही लागू आहे. कधी जागा खरोखरच भरलेली असते. कधी एकट्या पुरुषांना प्रवेश नसतो. कधी वयाची अट असते.

मग ओळखावे कसे? कसोटी सोपी आहे. जो नियम मला सांगितला, तोच माझ्या पुढच्याला आणि मागच्याला लावला काय? सर्वांना लावला असेल तर तो गैरसोयीचा नियम आहे, पण पक्षपात नाही. मला एकट्यालाच लावला असेल, आणि तो नाव, वेश, बिल्ला किंवा बोली कळल्यानंतर लावला असेल, तर संशयाला आधार आहे.

वेशावरून अडविण्याचे प्रकारही घडतात. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसल्यामुळे एका क्लबात प्रवेश नाकारला गेला. त्यानंतर त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने अशा बंदीविरुद्ध कायदा केला. जुलै २०२४ मध्ये बंगळूरच्या एका मॉलच्या दारात, मुलाबरोबर चित्रपट पाहायला आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला धोतरामुळे अडविले, तेव्हा कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचा आदेश दिला. या दोन्ही ठिकाणी लोकांनी गप्प न बसता आवाज उठविला म्हणूनच दखल घेतली गेली.

तिसरी चूक : काहीही टिपून ठेविले नाही

बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५, खंड २ सांगते की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही. 'आमची खाजगी जागा आहे' हे उत्तर इथे चालत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की यातला 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे आणि मोबदला घेऊन लोकांना सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो.

या हक्कामागे दोन कायदे उभे आहेत. ते प्रत्येक बौद्ध कुटुंबाला ठाऊक असावेत.

पहिला, १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम. १९७६ मध्ये तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव दिले गेले. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात किंवा करमणुकीच्या ठिकाणी प्रवेश नाकारणे हा कलम ४ खाली गुन्हा आहे आणि त्याला एक ते सहा महिने कैद व दंड अशी शिक्षा आहे. कलम १२ विशेष महत्त्वाचे आहे. अन्याय झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते.

दुसरा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम, ज्याला आपण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा म्हणतो. २०१५ च्या दुरुस्तीने दुकान, करमणुकीचे ठिकाण किंवा कोणत्याही सार्वजनिक जागी प्रवेशाला अडथळा करणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा ठरला. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. लोकांसमक्ष जातीवरून शिवीगाळ करणे हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र गुन्हा करणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागू होत नाही.

नवदीक्षित कुटुंबे नेहमी एक शंका विचारतात, "आम्ही आता बौद्ध झालो. मग हे संरक्षण गेले काय?" गेले नाही. १९९० च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींत धरले आहे. म्हणून जातीचा दाखला घरात जपून ठेवावा. ती आपली ओळख नव्हे, ते कायद्याचे साधन आहे.

एवढे सगळे हाताशी असूनही मी काय केले? दरवानाचे नाव टिपले नाही, वेळ टिपली नाही, कोणाला साक्षीला घेतले नाही. आठवडा रागात आणि लाजेत घालविला. नंतर वकिलांकडे गेलो तेव्हा सांगायला फक्त राग होता, पुरावा काहीच नव्हता.

दारात अडविले तर काय करावे

१. पूर्ण नाव, आडनावासह, स्पष्ट सांगावे. जागा राखून ठेवतानाही पूर्ण नावच सांगावे आणि त्याचा संदेश मागून घ्यावा.

२. शांतपणे विचारावे, "कोणत्या नियमाने अडविता? तो नियम कुठे लिहिला आहे?" मग व्यवस्थापकाला बोलावून घ्यावे. त्याने दिलेले कारण मोठ्याने उच्चारून, तेच म्हणायचे आहे ना, असे पुन्हा विचारावे.

३. तारीख, वेळ, दरवानाच्या ओळखपत्रावरचे नाव व एजन्सी, व्यवस्थापकाचे नाव आणि बोललेले शब्द त्याच रात्री लिहून काढावेत. शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या सज्जनाला साक्षीसाठी विचारावे.

४. हॉटेलच्या कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. ते जपून ठेवावे अशी लेखी मागणी दुसऱ्याच दिवशी करावी आणि पोच घ्यावी.

५. जातीचे कारण दिसत असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. नोंदविलेली तक्रार वाचून दाखविणे आणि तिची प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. मदतीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

६. तक्रारीत एक शब्दही वाढवून लिहू नये. जे घडले तेच लिहावे. एक खोटी ओळ दहा खऱ्या ओळींना खोटे पाडते.

७. दारात हातघाई करू नये. बरोबर लहान मुले किंवा वृद्ध असतील तर आधी त्यांना सुरक्षित जागी न्यावे. त्या रात्री परत फिरणे म्हणजे हार नव्हे. लढाई दुसऱ्या दिवशी कागदावरही लढता येते.

मुलांना काय सांगावे

घरी आल्यावर 'जाऊ दे, विसर' असे म्हणून विषय मिटवू नये. मुले विसरत नाहीत. ती स्वतःच अर्थ लावतात आणि बहुधा चूक आपलीच असे समजतात. त्यांच्याजवळ बसून सांगावे की तुझी चूक नाही, तुझ्या नावाची चूक नाही, अडविणाऱ्याची चूक आहे आणि ती कशी विचारायची हे आपण शिकणार आहोत. आपण स्वतः चुकलो असू तर तेही कबूल करावे.

विजयस्तंभाच्या रांगेत मी मुलीला खरे ते सांगितले. "आपलं आडनाव वाईट नाही. मी भ्यालो, म्हणून खोटं बोललो." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग पुढच्या वेळी नाव मी सांगते." माझी आई मागे उभी होती. तिने नातीच्या डोक्यावरून हात फिरविला आणि आपला बिल्ला काढून तिच्या फ्रॉकला लावला.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही चौघे पुन्हा जेवायला गेलो. हॉटेल दुसरे होते. दारात यादी घेऊन एक माणूस उभा होता. मुलीने पुढे होऊन माझे पूर्ण नाव आडनावासह खणखणीत सांगितले. त्याने यादीत पाहिले, खूण केली आणि दार उघडले. उघडले नसते तर माझ्या खिशात वही आणि पेन होते.

कुटुंबात बसून चर्चेसाठी प्रश्न

१. अग्गिक भारद्वाजाने अडविले तेव्हा तथागतांनी कोणता प्रश्न विचारला? आपण दारात कोणता प्रश्न विचारू?

२. टोलनाक्यावरच्या आणि बडोद्याच्या प्रसंगावरून आपण काय शिकतो?

३. सर्वांना लावलेला नियम आणि एकट्याला लावलेला नियम यांत फरक कसा ओळखावा?

४. घरातील प्रत्येकाने आपले पूर्ण नाव मोठ्याने सांगून दाखवावे. लहानांनी आधी सांगावे.

जय भीम! नमो बुद्धाय!